गव्हर्नर गेला म्हणण्याआधी लॉन मॉवरच्या इंजिनात या चुका टाळा

इंजिन एका रेसवर, म्हणजे एका वेगावर, टिकत नाही. घूंऽ करून चढतं, बसतं, पुन्हा चढतं. की निदान तयार: ‘गव्हर्नर गेला.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं ऐकण्याआधीच विचारतो, टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे?

गव्हर्नर करतो काय, एवढं तरी डोक्यात असू द्या. थ्रॉटल म्हणजे कार्बोरेटरमधली, इंजिनात जाणारं हवा-पेट्रोल कमीजास्त करणारी झडप. स्प्रिंग थ्रॉटल उघडायला ओढते, गव्हर्नर तो मिटायला ढकलतो. या ओढाताणीत रेस ठरते. काही इंजिनांच्या पोटात दातेरी चाकावर छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि एक दांडा वळवतात. काहींत फ्लायव्हीलचा (इंजिनावर फिरणाऱ्या जड चाकाचा) वारा एका पात्यावर आदळतो आणि तेच पातं थ्रॉटल हलवतं. गवत दाट आलं, वेग पडला, की ढकलणारा जोर कमी होतो आणि स्प्रिंग थ्रॉटल उघडते.

आता माझी स्वतःची फजिती. शिकत होतो तेव्हा असाच रेस वर-खाली करणारा मॉवर हातात आला. मी मोठ्या उत्साहात तेल काढलं, गवत कापायचं पातं सोडवलं, इंजिन आडवं करून खालचं झाकण उघडलं. आत दातेरी चाक शाबूत, वजनं मोकळी, सगळं ठणठणीत. तरी मनाची समजूत म्हणून पुसून घेतलं, नवं गॅस्केट टाकलं, सगळं जोडलं. अर्धा दिवस गेला. चालू केलं, तर तेच घूंऽ घूंऽ.

उस्ताद शेजारी बसून बघत होते. ते उठले, कार्बोरेटरजवळची थ्रॉटलची तार दोन बोटांत धरली आणि मधल्या रेसवर घट्ट ठेवली. थ्रॉटल तसूभर हलत नव्हता, तरी इंजिन चढत-बसत होतं. मग त्यांनी चोक (हवा कमी करणारी झडप) जरासा ओढला आणि रेस सरळ झाली. मला म्हणाले, ‘‘पोट कशाला फाडलंस? याला पेट्रोल कमी पडतंय.’’ कार्बोरेटर उघडला, तर कमी रेसच्या जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तुकड्याचं) भोक जुन्या पेट्रोलच्या चिकट थरानं जवळजवळ बुजलेलं.

तेव्हापासून माझी पहिली तपासणी हीच. थ्रॉटल धरून ठेवल्यावरही रेस डोलत असेल, तर कार्बोरेटर, जेट किंवा इनटेकचं (कार्बोरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या वाटेचं) गळकं गॅस्केट बघा. धरल्यावर शांत झाली, तरच लिंक (गव्हर्नर आणि थ्रॉटल जोडणारी तार), स्प्रिंग आणि गव्हर्नरकडे या. तार धरताना सायलेन्सर आणि पातं यांपासून हात लांब ठेवा, थ्रॉटल उघडायच्या दिशेला दाबू नका. जेट साफ करायला मी वायरीतली तांब्याची एक बारीक काडी वापरतो. ड्रिल घालणाऱ्याला मी कार्बोरेटर परत देत नाही. भोक एकदा मोठं झालं की ते जेट संपलं.

माझा खरा राग मात्र स्प्रिंगवाल्यांवर आहे. मॉवर दाट गवतात दबतो, म्हणून कोणी पकडीनं स्प्रिंगचे वेढे कमी करतं, कोणी हाताला लागेल ती जाड स्प्रिंग अडकवतं, कोणी आर्मवरच्या (गव्हर्नरच्या दांड्यावर बाहेरून बसवलेल्या पट्टीवरच्या) दुसऱ्या भोकात हलवून ‘बघू काय होतं’ म्हणतं. ताकद वाढत नाही, वेगाची मर्यादा सुटते. अशा छोट्या इंजिनांची वरची रेस साधारण 3,000 ते 3,600 आरपीएमच्या आसपास असते, आणि मॉवरमध्ये पात्याच्या लांबीप्रमाणे ती आणखी खालीही ठेवलेली असते, कारण पात्याच्या टोकाचा वेग हाताबाहेर जाऊ द्यायचा नसतो. बऱ्याच छोट्या इंजिनांचा कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) ॲल्युमिनियमचा असतो. जास्त रेसला तो तुटला की तुकडा बाजूची भिंत फोडून बाहेर येतो. एका उतावळ्या पोरानं आणलेल्या इंजिनाच्या भोकातून मला आतला क्रँक दिसत होता. मूळ तक्रार काय होती? पातं बोथट.

दबणाऱ्या इंजिनाला एवढंच बघा: दाट गवतात थ्रॉटल पूर्ण उघडतोय का? उघडूनही वेग पडत असेल, तर गव्हर्नर त्याचं काम करतोय, दोष दुसरीकडे आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. रेस कानानं लावू नका, रेस मोजणारा टॅकोमीटर घ्या. लिंक काढण्याआधी फोटो काढा, कोणतं टोक कोणत्या भोकात होतं ते कोणालाच आठवत नाही. लिंकच्या सांध्यांवर तेल सोडू नका, धूळ धरून अडकतात. मी कोरड्या फडक्यानं पुसतो. वाऱ्यावर चालणाऱ्या गव्हर्नरचं इंजिन वरचं कव्हर काढून चालवू नका, वारा गव्हर्नरच्या पात्यापर्यंत पोचतच नाही आणि इंजिन सुसाट सुटतं. त्याच कव्हरखाली गवत कोंबलं असेल तरी तोच प्रकार.

आर्म लावताना दिशा उलटी करणारे तर रोज भेटतात. नट सैल करा, थ्रॉटल पूर्ण उघडेल असा आर्म सरकवा, तिथेच धरा, आणि आर्म ज्या दिशेला गेला त्याच दिशेला दांडा अडेपर्यंत फिरवून नट आवळा. बहुतेक इंजिनांत हेच चालतं.

चालू करताच रेस सुटली तर लगेच बंद करा. ‘पुन्हा एकदा बघू’ नको. प्लगची वायर काढा. लिंक निसटलीय का, आर्मचा नट ढिला आहे का ते बघा. मग आर्म सैल करून दांडा हातानं फिरवा. थोडा फिरून तो अडला पाहिजे. गरागरा फिरला तर आतलं काहीतरी सुटलंय, आणि आता खरंच पोट उघडायचं. आतलं चाक प्लास्टिकचं असेल तर सगळे तुटलेले दात तेलातून वेचा, चाकावर मांडून मोजा. एक जरी कमी भरला तर झाकण लावू नका.