पस्तीसपट लहान टायगर आणि आपल्या वावरातला चिखल

माझा पहिला टायगर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल, तयार झाला तेव्हा तो मी आमच्या काकांना दाखवला. काकांनी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला आहे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी रणगाडा तळहातावर फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हा कोन्या गावचा चिखल व्हय बाबू? वरून खालून सारखाच लागून हाय."

तेवढ्या एका बोलण्यावर माझे पुढचे तीन टायगर सुधारले.

मी मोटार रिवायंडिंगचं काम करतो, यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या अलीकडे. दिवसभर जळालेल्या सबमर्सिबलमध्ये तांब्याची तार भरायची आणि रात्री त्याच टेबलावर १/३५ मापाचा जर्मन रणगाडा जोडायचा. खरा टायगर तोफेसकट साधारण ८.४५ मीटर लांब, म्हणजे आपला २४ सेंटिमीटरचा. भाकरीच्या तव्यावर मावेल एवढा.

किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, उघडायच्या आधी तारीख ठरवा. "टायगर" एवढंच म्हणून भागत नाही. जुलै १९४३ चा, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतला टायगर करायचा तर अंगावर झिमेरिटचा, म्हणजे सुरुंग चिकटू न देणारा, लेप नको. मार्च १९४४ चा युक्रेनमधला करायचा तर लेप हवा. मी नेहमी दुसराच करतो, कारण तिथली माती काळी होती आणि बर्फ वितळून तिचा राडा झाला होता. काळ्या मातीचा राडा कसा असतो ते विदर्भातल्या माणसाला फोटोत बघावं लागत नाही.

सुटे भाग आधीच तोडून डबीत भरून ठेवू नका. नंबर त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर असतो. भाग तोडला की नंबर गेला. लागेल तसा निपरने थोडं अंतर सोडून कापा, उरलेला खुंट ब्लेडने काढा, मग ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर. चिकटवायला प्लॅस्टिक मॉडेलचं पातळ सिमेंट घ्या. हा डिंक नाही, वेल्डिंग आहे: दोन भाग जुळवून धरायचे, फटीला ब्रशचं टोक लावायचं, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं आणि प्लॅस्टिक वितळून एकजीव होतं. म्हणूनच पेंटरकडचा एनसी थिनर या प्लॅस्टिकला लावू नये. मी गेट रंगवायचा रेड ऑक्साइड त्याच थिनरमध्ये पातळ करून मारला होता. खऱ्या कारखान्यातही खाली लाल प्रायमरच असायचा, मग काय बिघडलं, असं वाटलं. सकाळी पाहतो तर टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, सुरकुत्या, दुधावरच्या सायीसारख्या. मॉडेलसाठीचाच प्रायमर घ्या, लाल मिळाला तर उत्तम.

टायगरची चाकं माणसाचा अंत पाहतात. एका बाजूला आठ आस, प्रत्येक आसावर तीन चाकं, म्हणजे एकूण ४८. सगळी एकमेकांत घुसलेली. चिकटवण्याआधीच रंगवा. प्रत्येक चाक टूथपिकवर खोचायचं, ब्रश स्थिर धरायचा आणि टूथपिक बोटांत फिरवायची. रबराची काळी कड आपोआप गोल उमटते. उलटं केलंत, चाक धरून ब्रश फिरवलात, तर कड वाकडीच येणार.

आता लेप. झिमेरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून लावलेला थर, त्यात लाकडाचा भुसासुद्धा असे. १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत तो कारखान्यातच लागायचा. मी यासाठी एम-सील वापरतो. दोन्ही गोळे मळून टाल्कम पावडरीवर पापडाहून पातळ लाटायचे, पाणी लावलेल्या बोटाने चिलखतावर बसवायचे आणि उवा काढायच्या फणीचे दात टेकवून ओळीने आडव्या रेघा दाबायच्या. फणी ओढायची नाही, नुसती टेकवायची. उन्हाळ्यात हे मिश्रण भराभर घट्ट होतं, म्हणून एका वेळी एकच बाजू. बायकोने फणी शोधली तेव्हा ती माझ्या टेबलावर सापडली. आता मी वेगळी घेतली आहे.

रणगाडा ओढायच्या दोरखंडासाठी आलेला किटमधला दोरा फेकून द्या. ३३ गेजची वायंडिंग तार घ्या, मध्ये एक आणि भोवती सहा. आधी गॅसवर लाल करून घ्या, म्हणजे तार मऊ पडते आणि वरचं इनॅमल जळतं. एक टोक वाइसमध्ये, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये, आणि ड्रिल अगदी हळू. पाऊण मिलिमीटरचा पिळदार दोर तयार होतो.

रंग: फेब्रुवारी १९४३ पासून कारखान्यातून रणगाडे गडद पिवळ्या रंगात निघत. हिरवा आणि तांबूस तपकिरी पेस्टच्या रूपात पलटणीकडे जाई, तिथली माणसं तो पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये कालवून स्वतः मारत. त्यामुळे रंगाचे पट्टे सारखे नसले तरी हरकत नाही. एअरब्रशने मारत असाल तर आपल्याकडे मे महिन्यात पहाटे पाचला बसा. दुपारी रंग प्लॅस्टिकला लागायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर रंगकामाच्या भानगडीतच पडू नका. तंतू ओल्या रंगावर बसतोच. निशाणीचे स्टिकर लावण्याआधी चकचकीत वार्निश, नंतर मॅट. दुकानात येणारी पोरं विचारतात, दादा तुम्ही हिटलरवाले का? मी सांगतो, त्या माणसाशी आपलं काही देणंघेणं नाही, मी यंत्र जोडतो.

आणि चिखल. वावरातली माती आणा, तव्यावर दहा मिनिटं भाजा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळा. चाळणं टाळू नका: एक मिलिमीटरचा खडा या मापात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. काळी माती सुकताना आकसते आणि पातळ फेव्हिकॉलमध्ये जाड थापली तर खपलीसारखी निघून येते. म्हणून पातळ तीन थर, मध्ये प्रत्येक वेळी पूर्ण सुकू द्या. माझ्या मिश्रणात चिमूटभर पीओपीही असतं.

कुठे लावायचा, हे काकांनी मला ट्रॅक्टरजवळ उभं करून शिकवलं. चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यासमोरच्या आडव्या जागेत ढेकळं साचतात. बाजूच्या चिलखतावर खालून वर उडालेले शिंतोडे असतात, ते वर जाताना विरळ होतात. ब्रश रंगात बुडवून टूथपिकने केस झटकले की हुबेहूब तसे येतात. चाकांच्या मधल्या फटीत मात्र गच्च भरा. टायगरचं दुखणंच तिथे होतं: रात्री हा चिखल गोठून चाकं जाम व्हायची. ज्या कडांवर पट्टा घासतो तिथे चिखल टिकत नाही, तिथे ६बी पेन्सिल घासून लोखंड दाखवा. सर्वांत खालचा थर ओला हवा, म्हणून गडद रंग आणि वर थोडं चकचकीत वार्निश. वरचा सुकलेला थर फिकट, राखाडी.

चौथा टायगर काकांनी पुन्हा हातात घेतला. "चिखल बराबर हाय. पन पट्टा काहून येवढा ताठ?"

खरं होतं. लोखंडी पट्टा वजनाने चाकांवर लोळतो आणि किटमधला मऊ पट्टा ताणून उभा राहतो. वरच्या बाजूने पट्टा आणि हल (रणगाड्याचं धड) यांच्या फटीत काहीतरी ठासून तो चाकांवर दाबून धरायचा, सुपर ग्लूचे थेंब सोडायचे आणि रात्रभर ठेवायचं. ठासायला फोमचा तुकडा घ्या. मी हाताशी होता म्हणून कापूस घातला. तो अजून तिथेच आहे.