सर्दीची गोळी, एनर्जी ड्रिंक आणि आकडी

ज्यांना आधी कधी फिट आली आहे, त्यांनी मेडिकलमधून सर्दीची गोळी घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी. पॅरासिटामॉलसोबत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन, शिंका-वाहतं नाक थांबवणारं क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन आणि बऱ्याचदा ३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ते ५० मिलिग्रॅम असतं.

आता बेरीज करा. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीत साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन. अशा दोन बाटल्या आणि दिवसभरात सर्दीच्या तीन गोळ्या म्हणजे झाले २४०. चहा-कॉफी वेगळीच. धडधाकट माणसाला दिवसाला ४०० पर्यंत सहसा चालतं आणि एवढ्यानं त्याला फिट येत नाही. पण रात्रपाळी करून झोप बुडालेली, अंगात ताप, त्यात अपस्माराची गोळी चुकलेली असेल, तर हिशेब बदलतो. मेंदूला शांत ठेवणाऱ्या अ‍ॅडेनोसिनचं काम कॅफिन अडवतं. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन जास्त झालं तर तेही आकडी आणू शकतं. खोकल्याच्या सिरपमध्येही हेच औषध असू शकतं, म्हणून गोळी आणि सिरप एकत्र घेऊ नका.

घरात उरलेल्या गोळ्या हा आणखी एक घोळ. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक स्वतःच आकडीचा धोका वाढवतं, शिवाय शरीरातलं कॅफिन लवकर निघू देत नाही. ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीनंही आकडीचा धोका वाढतो. दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

तापाला नुसतं पॅरासिटामॉल, चोंदलेल्या नाकाला सलाइनचे थेंब, वाफ साध्या पाण्याची. कापूर, निलगिरीचं तेल पोटात गेलं तर आकडी येते, लहान मुलांना तर थोड्यानंही. मुलांना आणि गरोदर बायकांना एनर्जी ड्रिंक नकोच. बाटलीवरही तसं छापलेलं असतं.

लोकलमध्ये किंवा फलाटावर कुणाला फिट आली तर गर्दी हटवा, कडेपासून दूर घ्या, डोक्याखाली बॅग ठेवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. कांदा नि चप्पल हुंगवण्यात फक्त वेळ जातो. झटके पाच मिनिटांवर गेले, शुद्ध यायच्या आत पुन्हा आले किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आले, तर १०८ला फोन करा. खिशातली गोळ्यांची पाकिटं आणि रिकामी बाटली सोबत कॅज्युअल्टीत द्या. काय आणि किती घेतलं, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.