झोपेतून उठवायला गेलं की हात उगारतात, हे कसं थांबलं (माझा अनुभव)

हे लष्करातून रिटायर झाले तरी रात्री वाईट स्वप्नं पडून ओरडायचे, खांद्याला हात लावला की झोपेतच फटका, एकदा माझा चष्मा तुटला. हलवून उठवणं, वेगळी खोली, झोपायआधी दोन पेग (त्याने तर उलट वाढलंच) सगळं करून वैतागले होते. समुपदेशकांनी सांगितलेलं चाललं. आधी लाइट लावायचा, मग पायथ्याशी लांब उभं राहून नावाने हाक मारायची, नुसतं अहो नाही, "घरीच आहात, मी आहे" म्हणायचं आणि ते ओळखेपर्यंत हात लावायचा नाही. फटके त्यानेच थांबले. स्वप्नांसाठी वेगळं, दिवसा तेच स्वप्न शेवट बदलून वहीत लिहायचं आणि नवा शेवट रोज 10-20 मिनिटं मनात घोळवायचा, याला इमेजरी रिहर्सल म्हणतात. ह्यांच्या स्वप्नात बंद दार असायचं, नव्या शेवटात ह्यांनी त्याला कडीच ठेवली नाही. तीन आठवड्यांनी ओरडणं बरंच कमी झालं, अजून एखादी रात्र येते.