पुढचं पुस्तक कुठवर आलं? चित्रकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

चित्रकथा लिहिणाऱ्या माणसाला कुठल्याही कार्यक्रमात हमखास विचारतात, "पुढे काय येतंय?" वाचक विचारतात, शाळेतले शिक्षक विचारतात, पुस्तकाच्या दुकानातले काका विचारतात. कादंबरीकाराला उत्तर देणं सोपं जातं, कारण पुढचं पुस्तक त्याच्या एकट्याच्या टेबलावर असतं. आपल्याकडे स्क्रिप्ट हातावेगळी झाली तरी पेन्सिल, शाई, रंग, संवादाच्या फुग्यांतली अक्षरं आणि छपाई एवढे टप्पे उरतात, आणि बहुतेक लेखकांच्या हातात त्यातला एकही नसतो.

सोलापुरात, बार्शीत, अक्कलकोटला राहून चित्रकथा लिहू पाहणारी मुलंमुली मला भेटतात. स्क्रिप्ट कशी लिहायची हे त्यांनी कुठून ना कुठून शिकून घेतलेलं असतं. चालू कामाबद्दल लोकांसमोर किती बोलावं, कुठल्या कार्यक्रमाला जावं, तिथे जाऊन नेमकं करायचं काय, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते मी माझ्या अनुभवावरून सांगते.

मी एक नियम पाळते. काम चित्रकाराच्या टेबलावर जेवढं पुढे गेलं असेल, तेवढंच बोलायचं. नुसती कल्पना असेल तर गप्प राहायचं. स्क्रिप्ट पूर्ण झाली की विषय सांगायचा. पेन्सिलची पानं यायला लागली की नाव सांगायचं. निम्म्याहून जास्त पानांवर शाई फिरली की मग महिना सांगायचा, तारीख तेव्हाही नाही. तारीख छापखान्यातून आलेलं प्रूफ हातात पडल्यावर.

सध्या माझ्याकडे दोन कामं आहेत, त्यावरून हे दाखवते. पहिलं मुलांसाठी आहे, नान्नजच्या माळरानावरचं. सोलापूरहून बार्शीकडे जाताना लागणारं हे गाव माळढोकामुळे ओळखलं जातं, १९७९ पासून तिथे माळढोक अभयारण्य आहे. हा पक्षी अंगाने एवढा मोठा, पण एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर. गोष्ट त्या अंड्याभोवती फिरते. या पुस्तकाची अर्धीअधिक पानं शाई होऊन आली आहेत, म्हणून मी त्याबद्दल मोकळेपणाने बोलते, पानं दाखवते.

दुसरं काम १९३० च्या सोलापूरचं. त्या वर्षी मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो, पण त्या दिवसांत मिलच्या भोंग्यानंतर रस्ता कसा दिसत असेल हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. या कामाबद्दल मी फक्त विषय सांगते. नाव नाही, पानसंख्या नाही. शिपायाची टोपी कशी होती, गिरणीच्या फाटकावर पाटी कुठल्या लिपीत होती, टांगे कुठे उभे राहायचे, हे सगळं सापडल्याशिवाय चित्रकाराला एक रेघही मारता येणार नाही. लेखनात "तो फाटकातून बाहेर पडला" म्हणून निभावतं, चित्रात फाटक काढावंच लागतं. शिवाय हा विषय सोलापूरकरांच्या काळजातला आहे. घाईने घोषणा करून लोकांना वाट बघायला लावणं मला पटत नाही.

महिना सांगण्याआधी उलटं गणित मांडायला शिका. मधोमध पिन मारून केलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असावी लागतात, म्हणून बरीच पुस्तकं २४ किंवा ३२ पानांची दिसतील. नोकरी सांभाळून काम करणारा चित्रकार आठवड्याला दोन-तीन पानं काढतो. म्हणजे ३२ पानांना तीन ते चार महिने फक्त चित्रांना. पुढे रंग, अक्षरं, प्रूफ. त्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात, तेव्हा तुमच्या पाचशे प्रतींना कुणी हात लावत नाही. डिसेंबरच्या एखाद्या मेळाव्यात पुस्तक टेबलावर हवं असेल, तर स्क्रिप्ट मे महिन्यात चित्रकाराच्या हातात पडलेली बरी.

घोषणेआधी आणखी एक गोष्ट कागदावर हवी. चित्रकाराशी आणि प्रकाशकाशी लेखी करार करा, तो दोन पानांचा असला तरी चालेल. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातल्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते हक्क गेले असं समजतात. नव्या लेखकाला हे माहीत असेल तर करार वाचताना कुठे बोट ठेवायचं ते कळतं. पानं लोकांना कधीपासून आणि किती दाखवता येतील, हेही त्यात लिहून घ्या. चित्रकाराला विचारल्याशिवाय त्याचं कच्चं पान मी कधीही कुणाला दाखवत नाही, आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव माझ्या नावाएवढ्याच अक्षरांत असतं. स्वतः पुस्तक काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता कार्यक्रमांकडे वळते. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्याबद्दल.

कॉमिक कॉन हा चित्रकथांचा मोठा मेळावा. तो २०११ साली दिल्लीत सुरू झाला आणि पुढे मुंबईतही भरू लागला. तिथे टेबल मांडून बसलेल्या चित्रकारासमोर गर्दी होते, कारण त्याचा हात चालू असतो. पाच मिनिटांत कोऱ्या कागदावर चेहरा उमटतो, लोक थांबून बघतात. शेजारी बसलेल्या लेखकाकडे दाखवायला काय असतं? छापलेलं पुस्तक आणि पेन. नवीन लेखक इथेच हिरमुसतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. म्हणून हे नीट वाचा.

लेखकाकडे दाखवण्यासारखं असतं ते स्क्रिप्टचं पान. मी एक साधी फाइल ठेवते. डाव्या बाजूला माझ्या स्क्रिप्टचं एक पान, उजव्या बाजूला त्यावरून तयार झालेलं चित्रांचं पान. नान्नजच्या पुस्तकातलं एक पान मी नेहमी दाखवते. स्क्रिप्टमध्ये मी पाच चौकटी लिहिल्या होत्या: कोल्हा येतो, मादी मान वर करते, कोल्हा थांबतो, गवत हलतं, मादी तशीच बसून. चित्रकाराने त्याच्या तीन केल्या. मधली चौकट पानभर आडवी, तिच्यात फक्त गवत, आणि कोपऱ्यात कोल्ह्याच्या कानाचं टोक. मी लिहिलेले दोन्ही संवाद त्याने काढायला लावले. ते पान आता माझ्या मनातल्यापेक्षा कितीतरी चांगलं झालंय. लोक ही दोन पानं शेजारी बघतात तेव्हा लेखक करतो काय आणि चित्रकार करतो काय, हे त्यांना न समजावता कळतं. लहान मुलं तर स्क्रिप्ट वाचून आधी आपली चौकट मनात काढतात आणि मग उजवीकडे बघतात. त्या वेळचे त्यांचे चेहरे बघायला मी कुठल्याही गावाला जायला तयार आहे.

फाइलजवळ कोऱ्या चौकटी छापलेले कागद आणि पेन्सिली ठेवा. "या चार चौकटीत तुझ्या घरापासून शाळेपर्यंतची गोष्ट सांग," एवढं म्हटलं की मूल बसतं, मुलाबरोबर आईवडील थांबतात, आणि टेबल रिकामं राहत नाही.

मुंबईला जायचं तर सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी पोचवते, मुक्कामाचा एक खर्च वाचतो. पुस्तकं जड असतात, हे घरून निघताना लक्षात राहत नाही. जेवढी उचलून जिना चढता येतील तेवढीच न्या. टेबलाचं भाडं दोन-तीन जणांत वाटून घ्या. क्यूआर कोड छापून समोर लावा, तरी सुटे पैसेही जवळ ठेवा.

पण नवोदिताने सुरुवात मोठ्या मेळाव्यापासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी आपलं गाव. सोलापुरात एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं शेजारी बसतात. पूर्व भागातल्या एखाद्या शाळेत कार्यशाळा घेतली की फुग्यांतले संवाद चार वळणांचे येतात. चित्रात आजी तीच, पण एकीची "अगं ये की" म्हणते आणि दुसरीची नातवाला तेलुगूत हाक मारते. पात्राचं बोलणं पात्राच्या घरातून यावं, हे मी पुस्तकं वाचून जेवढं शिकले त्याहून जास्त या वर्गांत शिकले. १९३० च्या पुस्तकाचे संवाद लिहिताना मला याचाच आधार झाला, कारण तेव्हाच्या गिरण्यांतही कामगार असेच चार भाषा बोलणारे होते.

जागा निवडताना हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहाचा मोह नको. चित्रकथेच्या कार्यक्रमाला तीस-चाळीस खुर्च्यांची वाचनालयातली खोली उत्तम, कारण शेवटच्या रांगेतल्याला पडद्यावरचा फुगा वाचता आला पाहिजे. वेळही बघा. संक्रांतीच्या आठवड्यात शहर सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मागे आणि गड्ड्याच्या जत्रेत असतं, तेव्हा कार्यक्रम ठेवूच नका. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा. एप्रिल-मेच्या दुपारी इथे माणूस घराबाहेर पडत नाही, ठेवायचाच तर संध्याकाळी सहानंतर ठेवा. शाळांसाठी जुलै चांगला, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचे आठवडे सगळ्यात चांगले.

बोलावणं आलं की प्रवासखर्च आणि मानधन आधीच विचारा. विचारताना संकोच वाटतो, पण "मानधनाचं काय ठरलंय, सर?" एवढं नम्रपणे विचारलेलं कुणाला खटकत नाही. शाळेकडे पैसे नसतील तर ग्रंथालयासाठी पाच प्रती घ्यायला सांगा. मी बऱ्याचदा हेच करते, आणि त्या पाच प्रती वर्षभर फिरत राहतात.

व्यासपीठावर चित्रकथा कथाकथनासारखी वाचून दाखवायला जाऊ नका. पान पडद्यावर दाखवा आणि थोडा वेळ गप्प राहा, लोकांना आपल्या गतीने वाचू द्या. समोरासमोरची दोन पानं एकदम दाखवलीत तरी चालतील, पण उलटल्यावर येणारं पान आधी दिसता कामा नये. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न आणि पान उलटल्यावर डावीकडे उत्तर, अशी आपली बांधणी असते. ती प्रेक्षकांनाही अनुभवू द्या.

आणि "पुढे काय येतंय?" याचं उत्तर घरूनच तीन वाक्यांत तयार करून न्या. गोष्ट कुणाची, त्या पात्रासमोर अडचण काय, आणि काम कुठवर आलं. माझं सध्याचं उत्तर असं: "नान्नजच्या माळावर एका माळढोक मादीने अंडं घातलंय, आणि एका धनगराच्या मुलीला ते सापडलंय. कुणाला सांगावं की सांगू नये, हे तिला ठरवायचंय. अर्ध्याहून जास्त पानं तयार आहेत." शेवट सांगू नका, कितीही आग्रह झाला तरी. विचारणाऱ्याचं नाव वहीत लिहून घ्या, विशेषतः शिक्षक आणि ग्रंथपाल असतील तर. पुस्तक आलं की पहिला निरोप त्यांना जातो.

तुमच्याकडे दाखवायला अजून काहीच नसेल तर चार पानांपासून सुरू करा. ए-फोर आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात: पहिल्यावर नाव आणि एक मोठं चित्र, आतल्या दोनांवर गोष्ट, मागच्यावर शेवट. एका पानावर चार-पाच चौकटी, एका फुग्यात फार तर वीस-पंचवीस शब्द, त्याहून जास्त झाले की चित्र झाकलं जातं. चित्र काढणारा मित्र नसेल तर कॉलेजमध्ये, चित्रकलेच्या वर्गात शोधा, आणि त्याचं नाव आपल्याबरोबर लिहा. झेरॉक्सच्या दुकानात पन्नास प्रती काढायला फार खर्च येत नाही. त्या घेऊन जवळच्या वाचनालयात जा आणि ग्रंथपालांना विचारा, की बालविभागात एका शनिवारी तासभर बसू का.