पांढरा पडदा फोटोत पांढराच यावा म्हणून

पांढऱ्या पडद्यासमोर माणूस उभा केला, समोरून एक सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारा कापडी डबा बसवलेला लाइट) लावला आणि फोटोत पडदा मळकट राखाडी आला. नव्याने पोर्ट्रेट काढणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं. पडद्यात खोट नसते. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. लाइट चेहऱ्यापासून ४ फुटांवर आणि पडदा चेहऱ्याच्या मागे आणखी ८ फुटांवर असेल, तर चेहऱ्यावरच्या उजेडाचा जेमतेम नववा हिस्सा पडद्यावर पडतो. म्हणून पडद्याला त्याचे स्वतःचे लाइट हवेतच.

शक्यतो कागदी रोल घ्या. कापडाच्या सुरकुत्या काढण्यातच अर्धा दिवस जातो. कमरेपर्यंतच्या फोटोला १.३५ मीटरचा रोल पुरतो, पूर्ण उंचीसाठी २.७२ मीटरचा लागतो. दोन स्टँडवर आडवा पाइप टाकून रोल अडकवा आणि कागद जमिनीवर गोलाई देत उतरवा. तिथे घडी पडली की फोटोत रेघ उमटते. रोलला वर क्लॅम्प लावा, नाहीतर तो आपोआप उलगडत खाली येतो. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवायला विसरू नका.

माणूस पडद्यापासून ६ ते ८ फूट पुढे उभा करा. जवळ असला तर त्याची सावली पडद्यावर पडते आणि पडद्याचा उजेड उलटून गालांवर येतो. पडद्यासाठी दोन लाइट, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकाचं तोंड पडद्याच्या पलीकडच्या कडेकडे वळवा, म्हणजे मधोमध डाग न पडता उजेड सारखा पसरतो. हे लाइट आणि माणूस यांच्यामध्ये काळ्या रंगाच्या थर्माकोलच्या उभ्या शीट लावा. मात्र शीट लाइटला टेकू देऊ नका. मॉडेलिंग लॅम्पच्या, म्हणजे फ्लॅशमध्ये सतत जळणाऱ्या दिव्याच्या उष्णतेने थर्माकोल वितळतो.

आता मोजमाप, आणि इथे घाई नको. पडद्याचे लाइट बंद ठेवून आधी चेहऱ्याचा लाइट लावा. आयएसओ १००, शटर १/१२५, उजेड मोजणाऱ्या मीटरवर चेहऱ्याशी अ‍ॅपर्चर एफ/८ येईल इतकी पॉवर. मग पडद्याचे लाइट सुरू करा आणि पडद्याजवळ मीटर कॅमेऱ्याकडे तोंड करून धरा. मधोमध आणि चारही कोपऱ्यांत एफ/११ आलं पाहिजे, म्हणजे चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). मीटर नसेल तर कॅमेऱ्यातली हायलाइटची सूचना, म्हणजे अति उजळ भाग लुकलुकवून दाखवणारी सोय, चालू करा: पडदा लुकलुकावा, चेहरा लुकलुकता कामा नये.

पडदा दोन स्टॉप वर नेला तर आणखी पांढरा होईल, असं वाटतं. तसं होत नाही. जास्तीचा उजेड लेन्समध्ये शिरतो आणि सगळा फोटो फिकट पडतो. एक फोटो काढून कानामागची सुटी बट मोठी करून बघा. केसांचे बारीक तंतू वेगवेगळे दिसले तर ठीक. ते पांढऱ्यात विरघळत असतील, कानाची कड धुरकट असेल, तर मागचे लाइट अर्ध्या स्टॉपने उतरवा आणि पुन्हा काढा.