शेजारचं मांजर आणि आपलं खुराडं

पिल्लू गायब झालं की पहिला संशय शेजारच्या बोक्यावर, कारण भिंतीवर बसलेला तोच दिसतो. मुंगूस आणि घूस दिसत नाहीत. म्हणून शेजाऱ्याचं दार वाजवण्याआधी चोर कोण ते पक्कं करा.

संध्याकाळी खुराड्याच्या दारासमोर आणि जिथे फट वाटते तिथे चाळलेली राख किंवा ओलसर बारीक वाळू पसरा. पट्टा दोन फूट रुंद, थर अर्धा इंच, वरून फळीने सपाट केलेला. सकाळी उजेड तिरपा असताना ठसे बघा. मांजराचा ठसा गोलसर, इंच-सव्वा इंचाचा, चार बोटांचा असतो आणि त्यात नखं उमटत नाहीत, कारण चालताना ते नखं आत ओढून घेतं. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टिपके दिसतात. मुंगसाच्या ठशात लांब नखं दिसतात आणि पाचवं बोटही बरेचदा उमटतं.

मागे काय उरलं तेही बोलकं असतं. मांजर बहुधा एकच पिल्लू उचलून पळतं, मागे चार पिसं राहतात. मुंगूस आत शिरलं तर एकाच फेरीत अनेक मारतं, चावा मानेला किंवा डोक्याला असतो. जाळीलगत पाय तुटलेलं पिल्लू पडलं असेल तर बाहेरून ओढण्याचा प्रकार झालेला आहे. हे घूस करते, उंदीर करतो आणि मांजरही पंजा घालून करतं.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. दीड-दोन किलोच्या धडधाकट कोंबडीच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत, एखाद्या दांडग्या बोक्याचा अपवाद सोडा. आठ आठवड्यांखालची पिल्लं मात्र आयतं सावज. बँटम जातीच्या ठेंगण्या कोंबड्या आणि आजारी पक्षी त्याच गटात. पिल्लवाली कोंबडी मांजराच्या थेट तोंडावर झेपावते हे खरं, पण दहा पिल्लं दहा दिशांना पांगली की तिचाही नाइलाज होतो. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लं बंद खुराड्यात, बाराव्यापर्यंत वरून झाकलेल्या आवारात आणि त्यानंतर मोकळी, असा हिशोब ठेवा. ठेंगण्या जातींना कायम झाकलेलंच आवार.

जाळी: खरं काम इथे आहे

षटकोनी भोकांची पातळ ‘कोंबडी जाळी’ कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. तिची तार नुसती पिळलेली असते. कुत्र्याने धडक दिली की पीळ सुटतो, आणि भोकं एवढी मोठी की मांजराचा पंजा कोपरापर्यंत आत जातो. त्याऐवजी वेल्ड केलेली चौकोनी जाळी घ्या. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्धा इंची भोकांची, तार निदान १ मिलिमीटर जाडीची. त्याच्या वर एक इंची चालते. खर्च आवरायचा असेल तर वरच्या भागात आवरा, खाली नाही.

जाळी बसवताना चूक होते ती ठोकण्यात. नुसत्या स्टेपलच्या पिना पावसाळ्यात लाकूड फुगलं-आकसलं की सैल होतात आणि जाळी कडेने सुटते. दर सहा इंचांवर स्क्रू आणि त्याखाली रुंद वायसर लावा. जाळी चौकटीच्या बाहेरच्या बाजूने ठोका, म्हणजे बाहेरून ढकलल्यावर ती लाकडावर दाबली जाते. आतून ठोकलेली जाळी तेवढ्याच जोराने निघून येते.

खालच्या कडेला फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून जमिनीवर आडवी पसरा आणि यू आकाराच्या खिळ्यांनी दर फुटावर दाबा. दोन महिन्यांत गवत वाढून ती दिसेनाशी होते. मांजर क्वचितच उकरतं, हा बंदोबस्त मुंगूस आणि कुत्र्यासाठी. ते भिंतीला लागून उकरतात आणि लगेच जाळीला अडतात. मागे सरकून उकरायचं त्यांना सुचत नाही.

छप्पर नसेल तर बाकी सगळी मेहनत फुकट. पाच-सहा फुटांची उडी मांजराला काहीच नाही, आणि लाकडी खांब म्हणजे त्याचा जिना. आवार पूर्ण झाका. नायलॉनची जाळी वापरत असाल तर दर चार फुटांवर खालून तार ताणून आधार द्या. झोळ पडला की मांजर त्यात उतरून बसतं, गुरफटतं, आणि खाली कोंबड्या बिथरून एकमेकींवर आदळतात.

दाराला साधी कडी पुरत नाही. सरकती कडी आणि तिला अडकवलेला हूक, अशी दुहेरी सोय करा. दार बंद असताना खालची फट दोन बोटांपेक्षा मोठी नको. मांजराच्या पोराचं डोकं जिथून जातं तिथून अंगही जातं.

मांजर तिथे येतंच कशाला?

बरेचदा कोंबडीसाठी नाही, उंदरांसाठी. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांवर मांजर टपतं, आणि तिथेच कधीतरी पिल्लू समोर येतं. रात्री दाण्याची भांडी उचला, खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आवारालगतची झुडपं आणि लाकडांचे ढीग तीन फूट मागे हटवा. मांजर दबा धरून येतं, आडोसा नसला की कोंबड्यांना ते आधीच दिसतं.

कोंबड्यांच्या धुळीत लोळायच्या जागेकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मांजराच्या दृष्टीने ती तयार मोरी. मांजराच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची अंडी असू शकतात, ती बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात आणि माती चिवडणाऱ्या कोंबड्यांनाही लागण होते. रात्री त्या जागेवर फळी टाका, घाण दिसली तर त्याच दिवशी हातमोजे घालून काढा. गरोदर बाईने हे काम करू नये.

हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा हाकलण्याच्या उपायांत सगळ्यात भरवशाचा. मांजर ज्या वाटेने येतं तिकडे तोंड करून लावा, आणि तो संध्याकाळ ते सकाळच चालू ठेवा, नाहीतर दिवसभर कोंबड्याच भिजतील. संत्र्याची सालं, कॉफीचा चोथा यांचा वास दोन दिवसांत उडतो. डांबरगोळ्या टाकू नका, त्या कोंबड्यांनाही विषारी आहेत. तिखट कोंबडीला झोंबत नाही, पण मांजराच्या डोळ्यांत गेलं तर इजा होते, तेव्हा तेही नको. उंदराचं विष तर अजिबात नको, विष खाल्लेला उंदीर शेजारचं मांजर खाईल आणि मग भांडण वेगळ्याच थराला जाईल.

शेजाऱ्याशी बोलताना

ठशांचा फोटो आणि वेळ घेऊन जा, रागात जाऊ नका. ‘तुमचं मांजर बांधून ठेवा’ म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा तीन नेमक्या गोष्टी मागा: संध्याकाळचं खाणं अंधार पडायच्या आत घरात देऊन रात्री दार लावणं, बोका असल्यास नसबंदी, आणि रोज थोडा खेळ. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात मांसाहारी प्रथिनं भरपूर असलेलं खाद्य दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, तर रोज ५ ते १० मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. घंटेच्या पट्ट्याने मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

चावा बसलाच तर

मांजराचा दात बारीक असतो. वरून टाचणीएवढं भोक, आत खोल जखम. त्यात पाश्चुरेला जिवाणू गेले की पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. जखमी कोंबडी लगेच वेगळी करा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या तिला टोचून मारतात. पिसं बाजूला सारून पाठ, पंखाखाली आणि मान बोटांनी चाचपा. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम मीठ घालून सिरिंजने जखम धुवा. जखम किरकोळ दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, प्रतिजैविक लागतंच. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते तिथेच विचारून घ्या.

आणि मांजर ज्या फटीतून आलं ती त्याच संध्याकाळी बुजवा. ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच वाटेने येतं.