चाळकेवाडीच्या पठारावर पहाटे पवनचक्क्यांचे फोटो: उभं कुठे राहायचं, शटर किती ठेवायचं

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार लागतं. सूर्योदयाआधी तासभर पोहोचा आणि कॅमेरा काढण्याआधी वारा कुठून येतोय ते बघा. पवनचक्की नेहमी वाऱ्याकडे तोंड करून फिरते, त्यामुळे उभं कुठे राहायचं हे वाराच ठरवतो.

पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस वारा पश्चिमेचा असतो. तेव्हा चक्कीच्या पश्चिमेला उभे राहा. पात्यांचं पूर्ण वर्तुळ समोर आणि मागे उजळणारं आकाश. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पठार ढगातच असतं. हिवाळ्यात पूर्वेचा वारा असेल तर चक्कीच्या पूर्वेला जा आणि सूर्य पाठीशी घ्या. पांढऱ्या पात्यांवर पहिलं गुलाबी ऊन पडतं. बाजूने फोटो काढू नका, पाती काठीसारखी दिसतात.

आता शटर, म्हणजे कॅमेरा किती वेळ प्रकाश आत घेतो ते. टॉवरसमोरून २० सेकंदांत किती पाती खाली येऊन जातात ते मोजा. पाती तीन असल्यामुळे हाच आकडा मिनिटाला होणारे फेरे सांगतो. त्याला ६ ने गुणलं की पातं सेकंदाला किती अंश फिरतं ते कळतं. गणती १५ आली तर ९० अंश. अर्ध्या सेकंदाच्या शटरला पातं ४५ अंशांचा पंखा उमटवतं, आणि गती दाखवायला हे छान दिसतं. सव्वा सेकंदाच्या पुढे गेलात की पाती एकमेकांत मिसळतात आणि उरतो फिकट धुरकट गोल. जुनी लहान यंत्रं बरीच जोरात फिरतात. तिथे गणती ४० आली तर १/५ सेकंद पुरे.

पाती गोठवायची असतील तर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. १/३० ते १/६० टाळाच. मोठ्या पात्याचं टोक तेवढ्यात मीटर-दोन मीटर सरकतं आणि फोकस चुकल्यासारखं वाटतं. इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, नाहीतर पाती वाकडी येतात.

सुरुवात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ५२०० केल्व्हिनवर पक्का. ऑटोवर पहाटेचा रंगच धुऊन निघतो. सूर्य वर आल्यावर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक १/१२५ सेकंद दाखवत असेल तर ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश ६४ पट कमी करणारी गडद काच) लावा, शटर अर्ध्या सेकंदावर येतं.

पठारावरचा वारा ट्रायपॉड हलवतो. मधला दांडा खाली, पायांचा सर्वांत बारीक भाग आत, बॅग हुकला अशी लटकवा की ती जमिनीला टेकेल. लोंबकळली तर तीच झोके देते. टायमर २ सेकंद. फोटो मोठा करून टॉवरची कड पाहा. ती दुहेरी दिसली तर ट्रायपॉड हलला. कड धारदार आणि फक्त पाती पसरलेली, तर फोटो जमला.

गाडीच्या एसीत गार झालेल्या लेन्सवर बाहेरच्या उबदार, दमट हवेत दव धरतं. बॅग बंदच ठेवून २० मिनिटं बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणात शिरू नका. यंत्राच्या अगदी जवळ जायचं तर आधी राखणदाराला विचारा.

हिवाळ्यात परतताना साखर कारखाना वाटेवर असेल तर थांबा. गाळप हंगामात थंड हवेत चिमणीची वाफ दाट दिसते आणि वारा पडलेला असला की धूर आडवा पसरतो. २०० मिमीच्या लेन्सने चिमणी आणि उसाच्या गाड्यांची रांग एका चौकटीत घ्या. ऊन चढलं की वाफ विरते, म्हणून पठारावर फार रेंगाळू नका.